चादरींखालचा गोल

मी गोलाचा आडवा वासा बोलतोय. ब्राझीलच्या सां फ्रांसिस्कू नदीच्या दोन्ही काठांवर फुटबॉल माझ्याइतका कुणालाही कळत नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून एक चूक झालेली नाही! आता मला हातच नाहीत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पायही नाहीत. खरं सांगायचं तर दोन खांबांवर आडवा पडून बायकांची गंमत पाहिली, एवढाच माझा खेळ.

शिक्षण निम्मं. म्हणजे माझ्या झाडाचा बुंधा शाळेच्या बाकांना गेला आणि वरचा मी इथे नदीकाठी आलो. बुंध्याने पाढे ऐकले, मी शिव्या ऐकल्या. करमणूक कुणाच्या वाट्याला जास्त आली, ते तुम्हीच ठरवा.

मला इथे चढवलं धोबिणींनी. दिवसभर गावाचे कपडे धुवायचे आणि उन्हं उतरली की झगे खोचून खेळायचं. क्लबचं नाव ठेवलं 'वाराल'. कपडे वाळत घालायच्या दोरीला आमच्याकडे वाराल म्हणतात. तेव्हा सरकारचा कायदाच होता, बायकांनी फुटबॉल खेळायचा नाही. का, तर म्हणे त्यांच्या प्रकृतीला तो सोसत नाही. ओल्या चादरींचं बोचकं डोक्यावर घेऊन चढ चढणं मात्र प्रकृतीला छान सोसत होतं. त्यावर कुणी कायदा केला नाही.

म्हणून नदीच्या वळणावर फौजदाराची लाँच फटफटली की बॉल टोपलीत आणि ओल्या चादरी माझ्या अंगावर. गोल गायब! अगेनोर फौजदार पोट सावरत उतरायचा.

"काय चाललंय गं?"

"कपडे वाळतायत, साहेब."

"आणि सगळ्यांच्या गुडघ्यांना चिखल?"

"गुडघे टेकून प्रार्थना केली, ऊन पडू दे म्हणून," असं सांगायची सुल्मीरा. ही आमची गोलकीपर. दाराएवढी रुंद आणि तोंडाने त्याहून रुंद.

चादरींत एखादी फौजदाराच्या घरची असायचीच. ती मी नेमकी त्याच्या तोंडावर फडकवायचो. वारा म्हणतो मी फडकवली. म्हणू दे.

एक गुपित सांगू? मला त्या चादरी आवडायच्या. सकाळी त्या माझ्यावरच वाळत घालायच्या; धुकं विरघळत असताना त्यांत वारा भरला, की मी वासा राहत नसे. शिडाची काठी होत असे. मग खांब सुटायचे, काठ सुटायचा, धोबिणी, टोपल्या, चरणारी शेळी, सगळ्यांना घेऊन अख्खं मैदान संथपणे नदीवरून निघायचं. समुद्र मी पाहिलेला नाही, पण तिथवर जाऊन आलोय खूपदा. संध्याकाळी बॉल येऊन बरगडीत बसला की जाग यायची.

पलीकडच्या काठावर होडीवाल्यांच्या बायकांचा संघ होता, 'कानोआ'. त्यांची जुरेमा काटकुळी, पण उजवा पाय असा की बॉललाही भीती वाटावी. तिच्या थोरल्या लेकीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता सुल्मीरा, म्हणून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतात. शिव्यासुद्धा तेच म्हणून देतात.

एकदा दोन्ही संघांची बरोबरी चाललेली असताना कानोआला पेनल्टी मिळाली. जुरेमाने बॉल मांडला. सुल्मीरा माझ्याखाली पाय फाकून उभी. श्वास रोखून मीही. आणि वळणावर फटफट! चादरी पडल्या, बॉल गेला, पेनल्टी राहिली.

अगेनोरने मग काठावर चौकीच बसवली. खेळ संपला. पण कपडे काढले असते तर उघडा गोल दिसला असता, म्हणून चादरी माझ्यावरच वाळत राहिल्या, वर्षानुवर्षं. बाजारात मासे निवडताना दोघींचं रोजचं ठरलेलं.

"अडवलीच असती मी, कोमाद्रे."

"जाळं फाडून गेली असती, कोमाद्रे. पीठ घे, माशाचा पिरांव पातळ होईल तुझा."

होता होता कायदा गेला. चौकी उठली. जिल्ह्यात बायकांच्या स्पर्धा भरणार असं कळलं, पण दोन्ही काठांच्या पोरी एकत्र केल्या तरच एक संघ पुरा होत होता. क्लब कुणाच्या नावाने? मैदान कुठलं? भांडण पेटलं तेव्हा जुरेमा म्हणाली, "माझी पेनल्टी राहिलीय. गोल झाला तर क्लब कानोआ, पलीकडे. नाही झाला तर वाराल, इथे."

मला घाम फुटला. क्लब पलीकडे गेला तर मी कोण? कपड्यांची काठी. नाहीतर चुलीतलं लाकूड.

आज दुपारी अख्खा काठ लोटला. जुरेमाचे केस कापसासारखे झालेत. सुल्मीरा चार वेळा वाकली आणि चारही वेळा कंबर धरून उठली. मग सगळं पाण्याखाली गेल्यासारखं शांत झालं. मला पुन्हा चादरी फुगल्यासारख्या वाटल्या, काठ सुटल्यासारखा वाटला. जुरेमा धावली ती हळू, स्वप्नात धावतात तशी. पण पाय तोच! सुल्मीराने डावीकडे झेप घेतली आणि बॉल आला सरळ मधोमध, माझ्या पोटाखालून जाईल असा.

गेला नाही. धाडकन माझ्यावर आदळला आणि उडून शेळीपाशी पडला.

आमचा काठ नाचायला लागला. सुल्मीरा मातीतूनच ओरडली, "अडवली! बोलले होते ना? वाराल! वाराल!"

जुरेमा माझ्याखाली आली. मान वर करून तिने मला पाहिलं, मग सावकाश माझ्या पोटावरून बोट फिरवलं. मला गुदगुल्या झाल्या आणि लाजही वाटली. कारण तिथे मी वीतभर खाली आलोय. माझं मला कधी कळलंच नाही. स्वतःचं पोट कुणाला दिसतं?

लोकहो, तुम्हीच सांगा, वाकलो यात माझा काय दोष? मला काढू नका एवढंच म्हणणं आहे. वाकडा असेन, पण तुमचाच आहे.

"काय बघतेस, कोमाद्रे?" सुल्मीरा कपड्यांवरची माती झटकत म्हणाली. "हरलीस. आता होडीभर पोरी घे आणि इकडे ये."

जुरेमाने बॉल उचलला, काखेत धरला.

"तू कुठे अडवलीस? तू तर तिकडे लोळत होतीस. फौजदाराच्या भीतीने इतकी वर्षं ओल्या चादरींचं ओझं टाकलंस ज्या वाशावर, त्यानेच अडवली. सरळ वासा बसवून घे, कोमाद्रे, आणि एकदा उभी राहा माझ्यासमोर."