गेरोल्ड पाव्लिट्झाचा उजवा बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो, आणि तोही उजव्या पायाचा. माझा डावा भाऊ शेजारीच असतो, पण तो मुळातच अबोल. त्यामुळे आमची हकिकत मलाच सांगावी लागते.

जर्मनीत, रूर नदीच्या खोऱ्यातल्या एर्लेनबेक नावाच्या कोळशाच्या गावात एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवले. कातडे वासराचे, शिवण दुहेरी, तळाला पाय घसरू नये म्हणून सहा स्टड, म्हणजे जाड खुंट्या. गेरोल्ड पाव्लिट्झा या एकोणीस वर्षांच्या फुटबॉल बचावपटूसाठी त्याने मला बेतले होते. गेरोल्डचे वडील खाणीत उतरत.

"घट्ट होतोय," पाय घालताच गेरोल्ड कुरकुरला.

"होऊ दे. पंधरा दिवस भांड त्याच्याशी," कारागीर म्हणाला. "मग तो तुला सोडायचा नाही."

आणि खरेच, मी त्याला सोडले नाही. सात वर्षे आम्ही एर्लेनबेकच्या मैदानावर काढली. गोल करणाऱ्यांची नावे लोक कौतुकाने घेत. गेरोल्डचे काम गोल होऊ न देण्याचे. जे घडलेच नाही, त्याला टाळी कोण देणार? फक्त एकदा, गोलरक्षक पार आडवा झाला असताना, गेरोल्डने रेषेवर झेपावून माझ्या टोकाने चेंडू बाहेर काढला. तेव्हा पायऱ्यांवरचे खाणकामगार एका सुरात ओरडले, "पाव्लिट्झा, आजची बिअर आमच्याकडून!" त्या आवाजाने माझ्या नाड्यासुद्धा थरथरल्या होत्या.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली एक खोली होती. तिथे ब्राउकमानबाईंचे राज्य. संघाचे कपडे धुणे, बूट साफ करणे हे त्यांचे काम. जीभ तिखट, हात मात्र मऊ. "काय रे गेरोल्ड, खेळायला गेला होतास की बटाटे खणायला?" असे म्हणत त्या माझ्या तळाचा चिखल काडीने उकरून काढत.

मग तो मार्च महिना आला. मैदानात नुसता राडा झाला होता. प्रतिस्पर्धी डावीकडे वळला, म्हणून गेरोल्डही वळला. पण मी चिखलात रुतून बसलो होतो. तो वळला आणि मी वळलो नाही. त्याच्या गुडघ्यातून आलेला आवाज सगळ्यांच्या आधी मी ऐकला. त्याने मला कधीच दोष दिला नाही. मी मात्र तो दोष आजही माझ्याच माथी धरतो.

"बाई, बूट ठेवा. ऑगस्टमध्ये लागतील," कुबड्यांवर उभा राहून तो म्हणाला.

ऑगस्ट आला आणि गेला. आम्ही फळीवरच राहिलो. गुडघा बरा झाला, पण खेळण्याजोगा झाला नाही. गेरोल्ड आधी दुय्यम प्रशिक्षक झाला आणि पुढे, छत्तिसाव्या वर्षी, मुख्य. रोज तो कापडी बूट घालून आमच्या खोलीवरून जाई. जाताना फळीपाशी थांबे.

"घालून तर बघ एकदा," बाई म्हणत.

"नको. घातले तर धावावंसं वाटेल."

धावायचे तर मलाही होते, मित्रांनो. ओल्या गवताचा वास खिडकीतून आत येई आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा असे.

चौथ्या वर्षी संघ ओळीने पाच सामने हरला. कार्यकारिणीने गेरोल्डशी हस्तांदोलन करून त्याला निरोप दिला. चाळीस किलोमीटरवरच्या ब्रुंकहाइडच्या संघाने त्याला बोलावून घेतले. त्याने सामान बांधले, पण आम्हाला हात लावला नाही. "ते इथलेच आहेत, बाई. राहू देत."

दोन वर्षांनी तो परत आला, तो ब्रुंकहाइडचा प्रशिक्षक म्हणून. हंगामाचा शेवटचा सामना होता. एर्लेनबेकने बरोबरी साधली तर ते श्रेणीत टिकणार, हरले तर खालच्या श्रेणीत जाणार. ब्रुंकहाइडला मात्र या निकालाने काहीच फरक पडणार नव्हता. सामन्याआधी कार्यकारिणीतल्या हेरिबर्टने त्याला आमच्या दारापाशीच गाठले.

"गेरोल्ड, तुम्हाला काय, जिंकलात काय न् हरलात काय! आपली माणसं आहेत रे ही."

"आपली आहेत म्हणूनच ऐक," गेरोल्ड हळू आवाजात म्हणाला. "चेंडू अडवायला मी इथेच शिकलो, हेरिबर्ट. अर्धवट अडवायला कुणी शिकवलं नाही."

सामना मला दिसला नाही, पण डोक्यावरच्या पायऱ्या ऐकू येत होत्या. दीड तास त्या धडधडत होत्या. मग एकाएकी सगळे चिडीचूप झाले. त्या शांततेतच मला कळले. ब्रुंकहाइडने एक गोल केला होता आणि गेरोल्डच्या बचावफळीने एकही होऊ दिला नव्हता.

ब्राउकमानबाई ताडकन उठल्या आणि आम्हाला फळीवरून उचलून थेट पाहुण्यांच्या बसपाशी गेल्या. आम्हाला त्यांनी गेरोल्डच्या छातीवर आदळले.

"घेऊन जा हे! माझ्या फळीवर जागा नाही."

"बाई, मी काय करायला हवं होतं?"

"केलंस तेच!" बाई रडत होत्या. "म्हणून तर कुणावर चिडावं ते कळत नाही."

त्या दिवसापासून आम्ही त्याच्या घराच्या तळघरात आहोत. लोणच्याच्या काकड्यांची बरणी न्यायला तो खाली येई, तेव्हा आमच्याकडे बघायचे टाळत असे. एकदा त्याच्या बायकोने, इर्मट्राउडने विचारले, "वर आणू का रे ते?" तो म्हणाला, "राहू दे. बघवत नाहीत." तो एर्लेनबेकलाही पुन्हा गेला नाही. चौदा वर्षे गेली. माझे कातडे सुकले आणि टाचेवर तडे गेले.

गेल्या आठवड्यात वरून एक ओळखीचा तिखट आवाज आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ब्राउकमानबाई दोन बस बदलून आल्या होत्या.

"संघ पार तळाला गेलाय. खाण बंद, कोच पळाला. तू ये."

"मी चालेन त्यांना?"

"अर्ध्यांना नाही चालणार."

"आणि बाकीच्या अर्ध्यांना?"

"त्यांना मी विचारलंच नाही."

गेरोल्डने विचारले, "कधी यायचं?"

"मंगळवारी, सहाला. उशीर करू नकोस."

आज मंगळवार. दुपारी तो तळघरात आला. पायरीवर बसून त्याने आमची धूळ पुसली, नाड्या सोडल्या आणि सावकाश माझ्यात पाय घातला. तीस वर्षांनी ती ऊब! तो उभा राहिला, त्याने एक पाऊल टाकले, आणि माझा तळ अखंडच्या अखंड सुटून जमिनीवर पडला.

तळ उचलून त्याने हातात धरला, अंगठ्याने एकेक स्टड चाचपला. मग आम्हाला जोडीने फळीवर ठेवले आणि रबरी बूट घालून तो वर निघून गेला.

मित्रांनो, धावून धावून झिजलो असतो तर मला काही वाटले नसते. मी उभ्याउभ्या संपलो. तुमच्या घरी एखादी वस्तू बघवत नाही म्हणून अंधारात ठेवली असेल, किंवा एखाद्या माणसाकडे जायचे राहून गेले असेल, तर फार थांबू नका. तुमची वाट पाहताना कातडे सुकत असते.

वर दार लागले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, त्यालाही बराच वेळ झाला. आता सहा वाजत आले असतील. एर्लेनबेकचे गवत ओले असेल.