मागच्या खोलीतला कॅमेरा

"भिंतीला भोकं पाडा, दारावरून वायरी टांगा, आणि म्हातारीचा चहा होऊ द्या गार," सासूबाई सायराकान अपा चुलीकडे तोंड करून पुटपुटल्या. ऐकू जाऊ नये इतकं हळू, आणि ऐकू गेल्यावाचून राहू नये इतकं मोठ्यानं.

"आणते हो अपा," बुरुल कपाटामागून म्हणाली. सून म्हणून वीस वर्षं या घरात चहा ओतत होती ती. सासूच्या आधी राउटरपाशी बसायची वेळ आजच आली होती.

फोन जमिनीवर उताणा पडला होता आणि त्यातून नवरा बोलत होता. उलुकबेक कोरियातल्या कारखान्यात सहा वर्षं होता. रविवार म्हणून आज मोकळा. त्यांच्या नारीन गावात धाकटा मुलगा आईबापाजवळ राहतो, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. उलुकबेक धाकटा. जाताना त्याने स्वतःच्या जागी मागच्या खोलीत एक कॅमेरा ठेवला होता.

बुरुल शिवणाच्या कारखान्यात, तो तिकडे; दोघांच्या फोनवर अपा दिसत. गेल्या मंगळवारी अपा त्याच खोलीत पडल्या. मनगट मोडलं, कंबर काळीनिळी झाली. त्याच दिवशी इंटरनेट कंपनीचा माणूस जुनी लाइन काढून नवी टाकून गेला, आणि तेव्हापासून कॅमेरा आंधळा. "लाइन तोडली होती ना, म्हणून दिसलं नाही आपल्याला," उलुकबेक त्याच संध्याकाळी म्हणाला होता. पडणं आधी की वायरवाला आधी, हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

पाच दिवस ती घरी होती. मुकादमीणबाईंनी काल निरोप धाडला: सोमवारी आलीस तर मशीन तुझं, नाहीतर दुसरी बसेल. म्हणजे आज चित्र दिसायला हवं होतं. नाहीतर अपांना टाकून जायचं कोणत्या तोंडाने?

"राउटरवरचे दिवे सांग," उलुकबेक म्हणाला.

"सगळे हिरवे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, किती सुखाचं घर."

"थट्टा नको, बुरुल."

"मग काय करू? रडले तर तुम्ही म्हणाल, पोर्टात पाणी गेलं."

घरात वायर एकच, पण त्याने तिच्यात दोन वाटा आखल्या होत्या. दहा नंबरच्या वाटेने टीव्ही आणि फोन. वीस नंबरच्या वाटेने फक्त कॅमेरा. घरी आलेल्या पाहुण्याने फोन जोडला तरी अपांचं अंथरूण त्याला दिसू नये, म्हणून. व्हीलॅन म्हणतात त्याला. हा शब्द बुरुलने आज इतक्यांदा ऐकला होता की तो एखाद्या खाष्ट नणंदेचं नाव वाटायला लागला होता.

"आता सेटिंगमध्ये चौथी ओळ. तिला वीस दे."

"चौथी ओळ म्हणजे..."

"दे म्हणतो ना! मीच बसवलंय ते."

तिने दिलं. फोन मुका झाला.

चौथी ओळ वायफायची होती. सहा वर्षांत पडद्यावरच्या ओळी बदलल्या असतील, नाहीतर त्याच्या डोक्यातल्या. ज्या वाटेवर दोघं उभे राहून बोलत होते, तीच त्याने तिच्या हातून बंद करवली होती. बुरुल काळ्या पडद्याकडे बघत बसली. चुलीतला कोळसा खाली बसल्याचा आवाज झाला.

"कापला का त्यानं?" अपांनी विचारलं.

"करतील परत."

मग त्याचा साधा, इंटरनेटशिवायचा फोन आला. "सुई आहे?"

"शिवणकाम करणारीला सुई विचारताय?"

"राउटरच्या मागे बारीक भोक आहे. दहापर्यंत मोज."

तिने सुई खुपसली, दहा मोजले. सगळे दिवे एकदम विझले. वाटांची नावं, आकडे, परवलीचे शब्द, त्याने या घरात स्वतःच्या हाताने मांडून ठेवलेलं जे काही होतं ते सगळं पुसलं गेलं.

"गेलं सगळं?"

"सगळं."

"नव्याने करू," म्हणाला, पण दमलेल्या माणसाचा आवाज होता तो.

दीड तास गेला. दहा पुन्हा आखलं, वीस पुन्हा आखलं, राउटरमागच्या चार नंबरच्या पोर्टातून, म्हणजे वायरीच्या खाचेतून, दोन्ही सोडलं. कॅमेरा आंधळाच. बुरुलचे गुडघे बधिर झाले. उद्या तिच्या मशीनवर कोण बसेल, तो चेहरासुद्धा तिला दिसायला लागला.

"मागच्या खोलीची वायर चारमध्येच आहे ना?"

तिने मान आत घातली. "दोनमध्ये आहे."

"दोनमध्ये?"

"वायरवाल्यानं घातली तिथंच."

"अगं, सकाळपासून मी 'आपली वायर, आपली वायर' म्हणतोय!"

"आपली वायर म्हणताय. चार कधी म्हणालात?"

तिने वायर उपटली, चारमध्ये खुपसली. टक् असा आवाज झाला. म्हणजे सुईची गरजच नव्हती. त्या चौथ्या ओळीचीही नव्हती.

मिनिटभराने तिच्या फोनवर मागची खोली उमटली. रिकामं अंथरूण, घडी घातलेली रजई, खिडकीतला पांढरा उजेड.

"आलं!" उलुकबेक तिकडे ओरडला. "मलाही दिसतंय! अपा, ऐकताय? आता काळजी नाही. बुरुल बिनधास्त कामावर जाईल. लाइन तुटली होती म्हणून मंगळवारी घोटाळा झाला, नाहीतर मी लगेच फोन केला असता. शेजारच्यांना धाडलं असतं. आणखी एक कॅमेरा लावू, स्वयंपाकघरात."

बुरुलने सुई परत दोऱ्याच्या रिळात खोचली. मंगळवारी सकाळी दहा वाजता शिलाईच्या टेबलावर फोन थरथरला होता. खोलीत हालचाल आहे, असा कॅमेऱ्याचा निरोप होता. कॉलर अर्धी लागली होती. ते बघतील, असं म्हणून तिने फोन पालथा ठेवला होता. तिकडे त्याच्या फोनवर तेव्हा काय झालं असेल, हे तिने पाच दिवस विचारलं नव्हतं.

"काय गं, बोलत का नाहीस?"

अपांनी प्लास्टरचा हात मांडीवर सावरून घेतला. फोनकडे वाकल्या.

"बाळा, वायरवाला दुपारी तीनला आला. मी सकाळीच पडले होते. कॅमेऱ्याचा तांबडा दिवा चालू होता, बरोबर माझ्यासमोर. मी हाका मारल्या. आधी तुला, मग हिला. पुष्कळ वेळ मारल्या. चालू होता रे तो. तुम्ही बघत नव्हतात."