खुणेची पट्टी

पिवळट कागदाची पट्टी, बोटभर रुंद, एका कडेला कात्री जरा वाकडी गेलेली... तिनेच कापलेली. सकाळी पुस्तकांचं दुकान उघडलं की ती जुन्या, पाठकोऱ्या कागदांतून अशा पट्ट्या कापते आणि तो त्या पुस्तकांत घालतो. हीच त्याची ख्याती. श्रद्धा, संशय, माणसाचा स्वभाव — असल्या डोकं खाणाऱ्या पुस्तकांचं एक कपाट त्याने मागच्या भिंतीशी जमवलंय. गिऱ्हाईक आलं की आधी घटकाभर बोलतो, मग एक पुस्तक काढतो, एका पानात पट्टी घालतो आणि म्हणतो, "पहिल्या पानापासून नको. इथून वाचा." लांबलांबून लोक येतात. तिचा नवरा माणूस वाचतो म्हणे.

आत्ता ती पट्टी एका नर्सच्या हातात होती आणि नर्सचे डोळे भरले होते.

"सर, आई गेल्यापासून प्रार्थनेला बसले की नुसता संताप यायचा. वाटायचं, विश्वासच उडाला आपला. आणि तुम्ही खूण घातलेलं पान... राग येतो म्हणजे समोर कुणीतरी आहे असं आपण अजून धरून चाललोय, असं लिहिलंय तिथे. तुम्हाला कसं कळलं हो?"

तो चष्मा पुसू लागला. कौतुक झालं की तो चष्मा पुसतो.

"चेहऱ्यावर असतं सगळं," तो म्हणाला. "बघता यायला हवं."

पलीकडे पुस्तकं बांधत बसलेल्या बायकोच्या हातातली सुतळी तशीच राहिली. कारण नर्सने पुस्तक नेलं त्या दिवशी बांधताना ते तिच्या हातून निसटलं होतं, पट्टी टेबलाखाली गेली होती, आणि गिऱ्हाइकांच्या घाईत तिने ती हाताला येईल त्या पानात खुपसली होती. म्हणजे हिचा चेहरा वाचला तो टेबलाखालच्या धुळीने! हसू यायला हवं होतं. सांगून टाकावं का...? पण नर्सच्या तोंडचा घास कशाला काढा — आणि खरं तर तिला खुपत होतं ते निराळंच. इतक्या वर्षांत इतक्या पट्ट्या कापल्या, त्यातली एकही तिच्यासाठी कुठल्या पानात गेली नव्हती. कपाट ती रोज पुसायची, हात घालून कुठलंही पुस्तक घेता आलं असतं. पण ते तसं नको होतं. त्याने बघावं, आणि द्यावं. बाळ गेलं तेव्हा वाटलं होतं, आता तरी देईल. त्या आठवड्यात त्याने एका वकिलाला दुःखावर तासभर समजावलं आणि घरी येऊन विचारलं, जेवायला काय आहे? तेव्हापासून ती धुमसतेय. भांडी आपटते, दुकानात ड्रॉवर आपटते. तो म्हणतो, जरा हळू.

नर्स गेली. दुकानात दोघंच उरली.

"अहो," ती म्हणाली, "मला सांगा ना एखादं."

"काय?"

"पुस्तक. त्या कपाटातलं. पट्टी घालून."

त्याने मान वर केली आणि तो हसला — अगदी मायेने हसला, तेच वाईट.

"तुला कशाला ती डोकेफोड? तुझं कसं, सगळं जागच्या जागी असतं. मी बघतो ना रोज."

मी बघतो ना रोज.

तिने कात्री उचलली. आता येईल, ती ओळखीची कढत कळ, छातीतून गळ्यापर्यंत — इतकी वर्षं बिनचूक आलेली, नवऱ्यापेक्षा जास्त सोबत केलेली. एक पट्टी कापली. दुसरी कापली. समोर तो पाठमोरा, कपाटातली पुस्तकं सारखी करणारा, मानेवर केस वाढलेला एक माणूस. तिसरी पट्टी अगदी सरळ आली, कड कुठेही वाकडी नाही. राग येत नव्हता. ती थांबली, आणखी थोडी थांबली... आणि मग नर्सचं ते पान आठवलं, आणि तिला भीती वाटली.

कात्री आत ठेवून तिने ड्रॉवर होता नव्हता तेवढा जोर लावून आपटला.

"जरा हळू," तो म्हणाला.

तो आवाज कुणाचा, कुठून आला, हे तिला क्षणभर कळलंच नाही.