चौदा पानांचं रसग्रहण

जपानी हायकू तीन ओळींची असते. तिच्यावर मी चौदा पानं लिहिली, यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. माझी बायको शुभदा मात्र आठवडाभर हसत होती.

कुवेतमधला वसंत जेमतेम पंधरा दिवसांचा, मग धूळ. त्या पंधरा दिवसांत आमचं मराठी मंडळ वसंतोत्सव उरकून घेतं. यंदा विषय होता जपानी हायकूंतला फुलांचा बहर, आणि वक्ता मी, हरीश.

माझी खरी काळजी वेगळीच होती. क्षितिजा, आमची चौदा वर्षांची लेक, मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. मंडळातल्या भाषणांना ती इतकी कंटाळली होती की जपानी विषय आहे म्हणूनच यायला तयार झाली. गाडीत बसतानाच तिने बजावलं, "लास्ट चान्स, बाबा. बोअर झालं तर आय ॲम नेव्हर कमिंग अगेन." पोरगी बोलते ते करते.

खैतान भागातल्या हॉलमध्ये गणपतने चेरीचं झाड उभं केलं होतं. गणपत मालवणकडचा सुतार, इथे शुऐबाच्या कारखान्यांत कंत्राटावर. प्लायवूडचं खोड, तारेच्या फांद्या आणि गुलाबी टिश्यूची शेकडो फुलं.

"साहेब, डिंक ओलो आसा," तो म्हणाला. "एसी लावलात तर फुलां झडतली."

मी तात्काळ एसी बंद करवला. बहरावरच्या व्याख्यानात बहर गळून कसं चालेल?

हायकू साधी होती: फुलं गळताना पाहून एक वाटसरू थांबतो, एवढंच. ती वाचायला दहा सेकंद लागली. मग मी पान दोनवर पाच-सात-पाच अक्षरांचा नियम बोटांवर मोजून दाखवला. पान चारवर जपानचं हवामान घेतलं. पान सहावर 'कवीला येथे काय सुचवायचे आहे' याचे नऊ मुद्दे होते. दहावीला माझा मराठीत शाळेत पहिला नंबर होता, तो असाच नव्हता आला.

हॉल तापला. अध्यक्षा कमलताई कार्यक्रमपत्रिकेने वारा घेऊ लागल्या. पुढच्या रांगेतला प्रीतम गाडी नीट लावून येतो म्हणून उठला तो गेलाच. मागची अख्खी रांग चहाकडे सरकली. क्षितिजाने फोन काढला. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी आणखी तपशिलात शिरतो.

पान नऊला गणपत उठला आणि त्याने सरळ एसी लावला.

"अहो गणपतराव, फुलं!" मी माइकवरूनच ओरडलो.

"फुलां मी परत चिकटवतंय, साहेब. गेलली माणसां खंयसून हाडू?"

गेलेली माणसं कुठून आणायची, हे माझ्या चौदा पानांत कुठेच नव्हतं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मी माइकसमोर गप्प उभा राहिलो.

पहिलं फूल माझ्या नवव्या पानावर पडलं. मग एक कमलताईंच्या अंबाड्यावर, मग चार, मग मोजता येईनात. कोणी हललं नाही. चहाला गेलेले कप हातात घेऊन दारात थबकले. गणपत स्वतःचंच झाड तोंड उघडं टाकून बघत होता. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, फार सुंदर वाटलं. उरलेली पाच पानं मी घडी करून खिशात टाकली.

क्षितिजाचा फोन मांडीवर पालथा होता. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. हिने माझ्या चुका मोजायला घेतल्या, असं मला वाटलं. मग ती जागेवरूनच, अडखळत, पण मराठीत म्हणाली:

"बाबा थांबले
तेव्हा कुठे फुलांना
पडता आलं"

हॉल हसून हसून कोसळला. शुभदा तर डोळे पुसत होती. मी हसलो नाही, कारण मी बोटांवर मोजत होतो. पाच, सात, पाच. एकही अक्षर जास्त नव्हतं.