बँकरचा धक्का

कर्जतजवळच्या दहिवलीच्या छायाबाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या त्या लेकीच्या बाळंतपणासाठी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण अक्षदा राहायला ऑस्ट्रेलियात, पर्थला, नवरा जहाजावर नोकरीला, आणि डॉक्टर तिला प्रवास करू देईनात. तेव्हा माहेरच उठून लेकीकडे निघालं होतं. वाटेत बँकॉकला विमान बदलायचं, मधे अख्खा दिवस मोकळा.

"विमानतळाच्या बाहेर पाय टाकू नको हां आई," अक्षदानं बजावलं होतं. "तू आलीस की मला धीर येल. एकटीला लय भ्या वाटतंय गं."

पण छायाबाईंनी आजवर पाहिलं काय होतं? माहेर भिवपुरीला वीजघराच्या वसाहतीत, सासर दहिवलीत, आणि फार तर पुण्याला नणंदेकडे. यजमानांचं 'पुढच्या वर्षी जाऊ' ऐकता ऐकता यजमानच गेले. विमानतळासमोर रेल्वे स्टेशन आहे, तासाभरावर जुनी देवळं आहेत, असं विमानात शेजारणीनं सांगितलं आणि बाई निघाल्या. कुणी नाक मुरडू नये. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस स्वतःसाठी हवासा वाटला, त्यात काय पाप झालं?

देवळं पाहिली, दगडी बुद्धापुढे हात जोडले. चपलेचा अंगठा तुटला, दोनदा वाट चुकली, तरी बाई खुशीत. अक्षदाचा फोन आला तर "बसलेय गं हितंच, खुर्चीवर," असं बेधडक ठोकून दिलं.

परतीची गाडी एका लहानशा स्टेशनात थांबली ती थांबलीच. आता कर्जतच्या माणसाला थांबलेल्या गाडीत बसवत नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढवायला कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, बँकर म्हणतात त्यांना. तोवर खाली उतरावं, वडा घ्यावा, पाणी भरावं. बँकर लागला की सगळ्या गाडीला धक्का बसतो. मग निवांत चढावं. हे इतकं अंगात मुरलेलं, की जागा धरायला पिशवी सीटवर ठेवून छायाबाई उतरल्या.

शहाळं घेतलं. पाठ गाडीकडे, कान धक्क्याकडे. तिथं सपाट भातशेती, कुठला घाट आणि कुठला बँकर! शहाळेवाली ओरडली तेव्हा शेवटचा डबा फलाट सोडत होता. पिशवीत पासपोर्ट होता. बाळासाठी आपल्याच मऊ साड्यांची शिवलेली दुपटी होती. हातात उरला फोन आणि शहाळं.

स्टेशनमास्तरानं पुढच्या स्टेशनांना फोन लावले. पिशवी सापडली नाही. छायाबाई बाकावर बसल्या होत्या, तेवढ्यात अक्षदाचा फोन आला.

"आई, कळा सुरू झाल्या गं. इतक्या आधीच! तू बसलीस का विमानात?"

खरं सांगितलं तर पोर हाय खाईल, असं वाटलं त्यांना. आणि खरं सांगायची लाजही वाटली.

"बसले गं. आता येतेच. भिऊ नको."

वकिलातीनं दिलेला कागद मायदेशी परतण्यापुरताच होता. विमानातून पर्थला उतरायच्या ऐवजी छायाबाई पुन्हा दहिवलीत येऊन बसल्या. नवा पासपोर्ट, नवा व्हिसा, महिना तरी सहज जाणार होता. शेजारच्या सोनुबाई "नात कशी हाय?" विचारत दारात आल्या, तर यांनी पडल्या पडल्या डोक्यावरून पांघरूण ओढलं.

अक्षदाला त्यांनी सगळं सांगितलं होतं. ती रागावली नाही, तेच त्यांना सोसेना. त्या संध्याकाळी तिनं व्हिडिओवर नात दाखवली. काळं जावळ, मुठी आवळलेल्या.

"शिव्या तरी दे गं मला," छायाबाई म्हणाल्या.

अक्षदानं बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं.

"नर्स म्हणत व्हती, जोर लाव, जोर लाव," ती हळूच म्हणाली. "आन् मी दाराकडं बघून सांगत व्हते, जरा थांबा, माजी आई विमानात हाय."