घासून लाल केलेलं धुरीघर

मॅविस थर्कलला माणसं आवडत नसत, आणि टापटीप माणसं तर मुळीच नाही. त्यामुळे कमरेचं ऑपरेशन उरकून दीड महिन्याने ती गोदीवर परतली आणि आपल्या धुरीघराच्या दारात वारसा प्रकल्पाची इमोजेन पांढरेशुभ्र बूट घालून उभी दिसली, तेव्हाच तिचं डोकं उठलं.

गोदी मरून तीस वर्षं झाली होती. बोटी गेल्या, मागोमाग बर्फाचा कारखाना गेला, आणि ओकच्या भुशावर हॅडॉक मासा धुरवणारी चौदा घरं होती, त्यांतलं मॅविसचं तेवढं तग धरून राहिलं. आता तिथे पर्यटक आणून गाव पुन्हा उभं करायचं ठरलं होतं. प्रकल्पवाले धुरीघराचं छप्पर दुरुस्त करणार, बदल्यात आठवड्यातून दोन दिवस लोकांना आत येऊ द्यायचं, एवढंच बोलणं झालं होतं. मॅविसने नाक मुरडत किल्ली दिली होती.

"डोळे मिटा हं, मॅविस," इमोजेन म्हणाली.

"कशाला? मेल्यावर मिटायचेच आहेत."

आत पाऊल टाकलं आणि ती जागच्या जागी थबकली. भिंती लाल होत्या. वीट न् वीट मोजता येत होती. आजोबांच्या काळापासून साठत आलेला, बोटभर जाडीचा, काळा चकचकीत थर कुणीतरी खरवडून काढला होता.

"चार माणसं तीन आठवडे घासत होती," इमोजेन कौतुकाने म्हणाली. "शंभर वर्षांची घाण हो! खालून वीट बघा किती सुंदर निघाली."

मॅविसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घाण? अगं भवाने, ती चव होती माझी! धूर भिंतीत मुरतो, भिंत तापली की तो माशात उतरतो. तू भांडं नाही घासलंस, आतलं जेवण ओतून दिलंस!"

"आम्ही तज्ज्ञांना विचारलं होतं..."

"मला विचारलंस?"

"तुम्ही इस्पितळात होतात. म्हटलं, कशाला त्रास द्यायचा."

आरडाओरडा केला की म्हातारी चळली म्हणून सगळे मोकळे होतात, हे मॅविसला ठाऊक होतं. शनिवारी उद्घाटन होतं, महापौर येणार होते. तिथे सगळ्यांदेखत यांचं नाक कापायचं, आणि तेही सिरिलच्या जिभेने. सिरिल गोदीवरचा जुना हमाल. एक्केचाळीस वर्षं दर शुक्रवारी तिच्याकडून दोन मासे न्यायचा, आणि मासा कुठल्या घरातला ते डोळे मिटून सांगतो अशी फुशारकी मारायचा.

तिने नव्या भिंतींत मासा धुरवला, तुकडा चाखला. सपक. आयुष्यात पहिल्यांदा वाईट मासा निघाल्याचा तिला आनंद झाला.

शनिवारी बशा फिरल्या. "वा, अस्सल!" महापौर म्हणाले. पर्यटक बोटं चाटत होते.

"थांबा," मॅविस गरजली. "तुमच्या जिभांचं काय घेऊन बसलात? आता जाणकार बोलेल. हं, सिरिल."

सिरिलने सावकाश चावलं. "छान आहे."

"नीट चाव."

"चावतोय की. मॅविस, रागावू नकोस, पण खरं सांगू? आधी जरा कडू लागायचा. आमची बायको डोरीन तर बटाट्यात कुस्करूनच खायची."

"एक्केचाळीस वर्षं! आणि कधी बोलला नाहीस?"

"तुझ्यापुढे बोलायची छाती कुणाची?"

लोक खो खो हसले. इमोजेन हसली नाही, तिने मान खाली घातली. तिची ती दया मॅविसला हसण्यापेक्षा जास्त झोंबली.

"पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस," ती सिरिलला म्हणाली. "मासा दुसरीकडून आण."

"दुसरीकडून?" सिरिल बिचारा खरंच विचारात पडला. "दुसरं कोण उरलंय, मॅविस?"

तिने त्याच्या हातातली बशी हिसकावली आणि उरलेला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. मासा सपकच होता, तिचं काहीच चुकलं नव्हतं. पण ते कळणारी अख्ख्या गोदीवर आता ती एकटीच होती, आणि चघळून झाल्यावर तिला तो गिळावा लागला.