रेघेवरचं पाणी

"सतरा," उकंडराव म्हणाले.

मंजुळाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "काय सतरा?"

"मिनिटाला सतरा थेंब. दिवसाला सव्वा लिटर होतं. टाकीतून बराबर तेवढंच उडून राहिलं."

भिंतीच्या खुंटीला पंधरा लिटरचा कॅन टांगला होता. कॅनच्या बुडातून सलाईनची नवी नळी निघून खाली काचेच्या टाकीत उतरली होती. टाकी दोन फूट लांब. तिच्यात तीन गोल्डफिश होते. काचेवर वरच्या बाजूला नेलपॉलिशची लाल रेघ होती आणि पाणी तिला टेकलेलं होतं.

"माणसायला लावतेत ते माशायला लावलं," मंजुळाबाई म्हणाल्या. "त्यायला काय धाड भरली?"

"त्यायला न्हाई. मला भरली."

"ते तर मला बी दिसून राहिलं."

उकंडराव एकतीस वर्षं डोंगरकडा ग्रामपंचायतीचे पाणीवाले होते. पहाटे चारला मोटार चालू करायची, शिडीने टाकीवर चढून पाणी पाहायचं, पाच वाजता पहिल्या गल्लीचा वॉल्व्ह खोलायचा. त्यानंतर दुसरी गल्ली, तिसरी, सगळ्यात शेवटी तांडा. पन्नास हजार लिटरची टाकी किती भरली, हे ते पाइपवर तळहात ठेवून सांगत. त्या एकतीस वर्षांत ते एकदाही गावाबाहेर मुक्कामाला राहिले नाहीत. लग्नाला गेले तर अक्षता पडल्या की परतीची गाडी धरायची. मंजुळाबाईंची आई हट्ट्याला वारली तेव्हा ते मातीला गेले आणि दुपारच्या गाडीने परत आले. तेराव्यापर्यंत मंजुळाबाई तिथे एकट्याच होत्या. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. उकंडरावांनीही विषय काढला नाही.

२००५ साली ते निवृत्त झाले. त्याच जूनमध्ये त्यांच्या मुलाला रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षकाची नोकरी लागली आणि तो बिऱ्हाड घेऊन गेला. माशांची टाकी एसटीतून नेता येत नव्हती. आठ वर्षांच्या प्रतिक्षाने आईच्या नेलपॉलिशने काचेवर रेघ ओढली आणि आजोबांना बजावलं, "याच्या खाली पाणी जाऊ द्यायचं नाही. मोटार हवा ओढते, मग जळते. मोटार जळली की मासे मरतात." तेव्हापासून उकंडराव सकाळ-संध्याकाळ तांब्याने रेघेपर्यंत पाणी घालत होते.

मासे तेव्हा पाच होते. फेब्रुवारीत हट्ट्याच्या एका लग्नासाठी दोघं मिळून आयुष्यात पहिल्यांदा एक रात्र बाहेर राहिले. शेजारच्या पार्वतीबाईंनी मायेने नळाला पाणी आलं तसं बादलीभर टाकीत ओतलं. सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते. त्या पाण्यात ब्लिचिंग पावडर होती. माशांसाठी पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच वापरावं लागतं, हे सांगायला उकंडराव विसरले होते. आणि गावाच्या पाण्यात ती पावडर एकतीस वर्षं त्यांनीच टाकली होती.

आता एप्रिल लागला होता. प्रतिक्षाचा फोन आला. आजी-आजोबांनी दहा दिवसांसाठी यायचं. मे महिन्यात मुलाचं बिऱ्हाडच सुटीला इकडे येणार होतं, म्हणजे समुद्र बघायचा तर एप्रिलमध्येच. मंजुळाबाईंनी गाठोड्यातून चांगली दोन लुगडी काढून उन्हात टाकली.

"मी वीस तारखेला चालले," त्या म्हणाल्या होत्या. "तुमी आले तर बरं. न्हाई आले तर पुन्हा चला म्हननार न्हाई."

त्या रागाने बोलल्या असत्या तर उकंडरावांना उत्तर देता आलं असतं. त्या शांतपणे बोलल्या होत्या.

सलाईनची नळी चार दिवस नीट चालली. पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं, वारा पडला आणि पाणी उडणं निम्म्यावर आलं. थेंब मात्र सतराच पडत राहिले. संध्याकाळी पाणी रेघेच्या बोटभर वर होतं. दहा दिवस असंच चाललं असतं तर ते काठावरून सांडून मोटारीच्या बोर्डावर गेलं असतं. उकंडरावांनी नळी काढून गुंडाळून ठेवली. थेंब मोजून पडत होते, पण टाकीला किती पाहिजे ते थेंबांना कळत नव्हतं.

मग ते आखाडा बाळापूरला गेले. तिथे तांड्यावरच्या देविदासचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. एप्रिल म्हणजे देविदासचा सुगीचा महिना. त्याने कूलरमध्ये डोकं घातलेलं तसंच ठेवून विचारलं, "बॉलकॉक पाहिजे? कूलर घेतला का काका?"

"माशायला पाहिजे."

देविदासने डोकं बाहेर काढलं. सगळं ऐकून घेतलं आणि सगळ्यात लहान बॉलकॉक शोधून दिला. पाणी खाली गेलं की बॉल खाली, तोटी चालू. पाणी वर आलं की बॉल वर, तोटी बंद. उकंडरावांना हे मनापासून पटलं. यात कुणीतरी पाणी बघत होतं.

दोन दिवस बॉलने काम चोख केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले तर पायाला ओल लागली. बोअरच्या पाण्यातल्या क्षाराचा कण तोटीच्या वायसरात अडकला होता. बॉल वर येऊन बसला होता, तोटी मात्र वाहतच होती. घमेलं लावून, फडकी टाकून दोघांनी जमीन कोरडी केली. मासे ठीक होते.

"आज मी घरी होतो," उकंडराव म्हणाले.

मंजुळाबाई फडकं पिळत होत्या. वीस तारखेला आठ दिवस राहिले होते. "मी तिकिटाचं एकटीचंच सांगते मंग," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तांड्यावरची नानीबाई अंडी घेऊन आली. ती आठवड्यातून दोनदा यायची. भिंतीला टेकवलेला कॅन, नळी आणि बॉल तिने पाहिला.

"काहून एवढं झेंगट मांडलं भाऊ?"

उकंडरावांनी सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज जरा चढला.

"माझ्या पिल्लायला कोन पानी पाजतं?" नानीबाई म्हणाली. "मी तर दिसभर गावात अंडे घेऊन फिरते. बाटली भरायची, थाळीत उलटी उभी करायची. पिल्लं पितेत तेवढं उतरतं. न्हाई पिले तर न्हाई उतरत."

"सांडत न्हाई?"

"तुमचं वाहिलं. माझं आजपर्यंत न्हाई वाहिलं."

उकंडराव तिच्याबरोबर तांड्यावर गेले. ती थाळी आणि ती बाटली त्यांनी आजवर अनेकदा पाहिली होती. तांड्याचा वॉल्व्ह तिच्या अंगणापासून वीस पावलांवर होता. त्या दिवशी ते पहिल्यांदा खाली बसले. पिल्लं प्यायली, थाळीतलं पाणी केसभर उतरलं, बाटलीचं तोंड उघडं पडलं. एक बुडबुडा आत शिरला. तेवढ्याच मापाचं पाणी खाली आलं आणि थांबलं. थांबवायला तिथे कुणीही नव्हतं.

ते तासभर बसून राहिले. नानीबाईने चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

लग्नातल्या थंड पाण्याचा वीस लिटरचा जार त्यांनी मिळवला. देविदासने लोखंडी पट्टीचा घोडा वेल्डिंग करून दिला. जार उलटा त्यावर बसायचा आणि त्याचं तोंड टाकीच्या एका टोकाला पाण्यात टेकायचं. तोंड नेमकं रेघेवर यायला हवं होतं. घोड्याच्या पायांखाली पाटीचे तुकडे सरकवत उकंडरावांनी अर्धा दिवस घालवला. शेवटी मंजुळाबाईंनीच काचेला डोळा लावून सांगितलं, "आता बरोबर."

मग दोघं जमिनीवर बसले. पाऊण तास काही झालं नाही. मंजुळाबाई उठायला लागल्या तेवढ्यात आवाज आला, गुडुक. जारमध्ये एक बुडबुडा डोलत वर गेला. पाणी रेघेला टेकलं आणि स्थिर झालं. एक मासा येऊन जारच्या तोंडाकडे बघत राहिला.

"पुन्हा होऊ द्या," मंजुळाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्रे तापले तेव्हा पाणी रेघेच्या किंचित वर आलं. उकंडरावांनी जारला हात लावून पाहिला. आतली हवा तापून फुगली होती आणि पाण्याला ढकलत होती. त्यांनी जारला गोधडी गुंडाळली.

"बाळंतीण केली," मंजुळाबाई म्हणाल्या.

त्यानंतर पाणी हललं नाही. ऊन कडक पडलं त्या दिवशी जार जास्त उतरला, ढग आले त्या दिवशी कमी. लाइट गेली तरी त्याचं काही अडलं नाही. उकंडराव रोज खडूने जारवर खूण करत. चौथी खूण करून त्यांनी खडू ठेवून दिला.

"पन्नास हजार लिटरला मी लागत होतो," ते म्हणाले. "याला कोनीच न्हाई लागत."

मंजुळाबाई गोधडीचं टोक सारखं करत होत्या. "नानीबाय किती वर्सांपासून ठेवते अशी बाटली?"

"पंधरा-वीस वर्सं झाले म्हनती."

उकंडरावांनी मान खाली घातली. हट्ट्याहून दुपारच्या गाडीने ते परत आले, त्यालाही अठरा वर्षं झाली होती.

"दोघायचं सांग तिकिटाचं," ते म्हणाले.

माशांच्या खाण्याच्या दहा पुड्या बांधून त्यांनी पार्वतीबाईंना दिल्या. "पुडी टाकीन," पार्वतीबाई म्हणाल्या, "पान्याला हात लावीन तर शपथ."

वीस तारखेला उकंडराव चारला उठले. आवरून झाल्यावर सवयीने आदल्या दिवशीच्या बादलीतून तांब्या भरून टाकीपाशी गेले. पाणी रेघेवर होतं. गोधडीतून हलकेच आवाज आला, गुडुक. ते तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. बाहेर गल्लीच्या पाइपात हवा खडखडली आणि पाणी आलं. नवा पाणीवाला खेमा याने वॉल्व्ह खोलला होता. पाच वाजले होते.

"चला," मंजुळाबाई दारातून म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावर गाठोडं होतं.

उकंडरावांनी तांब्या त्यांच्यापुढे धरला. "पी. गाडीत तहान लागंल."

त्या प्यायल्या. उरलेलं पाणी उकंडरावांनी स्वतः पिऊन टाकलं, तांब्या पालथा घातला आणि कुलूप लावलं.

नांदेडची पहिली गाडी गावाच्या टाकीजवळच्या थांब्यावर आली. एकतीस वर्षं उकंडरावांनी ती शिडीच्या वरच्या पायरीवरून पाहिली होती. वरून तिचा फक्त टप दिसायचा. आत हिरवी बाकडी होती आणि खिडक्यांना आडवे दोन गज होते. मंजुळाबाई खिडकीपाशी बसल्या. उकंडराव शेजारी बसले. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांचा उजवा तळहात समोरच्या बाकड्याच्या पाइपवर टेकलेला होता. पाइप गार होता आणि नुसता थरथरत होता. थोड्या वेळाने त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला.